शेपटीचा दिवा

लाईट गेलीच आहे, तर बसा. पण आधीच सांगून ठेवतो, मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत. आणि घाबरलात तर निमूटपणे सरकून बसा, उगाच आईला हाक मारू नका. मागच्या खेपेला तुमच्यातलाच एक मिशीवाला पळाला होता, नाव घेत नाही.

ही गोष्ट हिलालची. हिलाल म्हणजे माझ्या मामेभावाचा जावई, धुळ्यात त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. मी त्याच्या तोंडून ऐकली आणि पुढे चिंधाकडूनही ऐकली. त्यानंतर दोघं कधी एकत्र बसून त्यावर बोललेले नाहीत, तरी सांगण्यात तसूभर फरक नाही. म्हणून मी खरी मानतो. तुम्ही मानायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

साल नव्याण्णव. डिसेंबरचा पहिला मंगळवार, कार्तिकातली अमावास्या, दुसऱ्या दिवशी देवदिवाळी. हिलाल सकाळीच वायरची भेंडोळी, ड्रिल मशीन, दोन कॅमेरे आणि एक खोक्यातला छोटा टीव्ही घेऊन करंजबारीला उतरला. धुळ्याहून पारोळ्याच्या अंगाला जाताना आत एक फाटा आहे, तिथे. पूर्वी तिथून एक छोटी गाडी जायची. सरकारी नव्हे, एका जिनिंगवाल्या शेठने कापूस आणि सरकी वाहायला स्वतः घातलेली लाईन. लोक तिला शेठची गाडी म्हणत. ती केव्हाच बंद पडली. मग शेठच्या वारसांनी ट्रस्ट काढला आणि स्टेशनचं म्युझियम केलं. एक इंजिन, मालाचे दोन डबे, शेवटी गार्डाचा डबा, अशी अख्खी गाडी फलाटाला उभी. तिच्या मागे थोड्या अंतरावर रस्त्याचं फाटक. फाटकाचा लांब लोखंडी दांडा वर आभाळाकडे उभा केलेला आणि तसाच गंजून बसलेला. तो ज्या चाकाने खालीवर व्हायचा, त्या चाकाची तार कुणी तरी भंगारात विकून खाल्ली होती.

हिलालला तिथे बोलावलं ट्रस्टच्या सेक्रेटरीने, देवचंदभाऊने. धुळ्यातच राहायचा, पांढरी सफारी, बोलायला मधासारखा. त्याला दोन कॅमेरे हवे होते. एक इंजिनाच्या तोंडासमोर, कारण शेठचा नातू अमेरिकेत होता आणि त्याला तिथे बसून इंटरनेटवर आपल्या आजोबांचं इंजिन बघायचं होतं. दर थोड्या वेळाने एक फोटो फोनच्या तारेतून जाणार. आता करंजबारीच्या फोनवर शेजारच्या गावाशी धड बोलणं होत नव्हतं, तिथून अमेरिकेला फोटो. पण साहेबांची हौस, आपल्याला काय.

खरं काम होतं दुसऱ्या कॅमेऱ्याचं. मालधक्क्याच्या कोठारातून पितळी वस्तू जायला लागल्या होत्या. गार्डाचे हातदिवे गेले, स्टेशनमास्तरची घंटा गेली. कोठाराच्या किल्ल्या दोघांकडेच, एक देवचंदकडे आणि एक राखणदार चिंधाकडे. देवचंद चोर असणं शक्यच नाही, नाही का, सफारी घालतो तो. म्हणजे चोर चिंधा. गावात बोभाटा झालाच होता. दुकानदार उधार देईना, मुलीचं ठरत आलेलं लग्न पाहुण्यांनी लांबणीवर टाकलं. गुरुवारी ट्रस्टची बैठक होती आणि त्या दिवशी त्याला फौजदाराच्या ताब्यात द्यायचं, असं देवचंदने मनाशी ठरवून टाकलं होतं. फक्त काही तरी पुरावा हवा होता.

म्हणून देवचंदने हिलालला बाजूला घेऊन समजावलं. कॅमेरा लपवून लावायचा, चिंधाला कळता कामा नये. त्यात फक्त चिंधाच्या खोलीचं दार दिसलं पाहिजे, बाकी काही नको. चिंधा फाटकाजवळच्या गेटमनच्या खोलीत राहायचा. टेप चालू करून दे, म्हणाला, आणि संध्याकाळच्या एसटीने निघून जा.

हिलालने विचारलं, की भाऊ, चोरी होते कोठारात आणि कॅमेरा याच्या दारावर कशाला. देवचंद हसला. "तू टीव्हीवाला आहेस, फौजदार नाहीस," एवढंच बोलला आणि जीपमध्ये बसला.

हिलालचं डोकं तिथेच तापलं होतं. त्याला कळलंही होतं. चिंधा राखणदार, रात्रीतून उठून फेरी मारणारच. टेपमध्ये तो दारातून बाहेर पडताना दिसेल, कोठार दिसणारच नाही, आणि सकाळी कोठारातून काही तरी गेलेलं असेल. झालं, माणूस मेला. पण एवढं कळूनही हिलाल काम सोडून परत गेला नाही. कॅमेऱ्याचं हे त्याचं पहिलंच मोठं काम होतं, हे पार पडलं तर दुकानाची वेगळी पाटी लागणार होती. रागावला, आणि रागारागातच ड्रिल काढून कामाला लागला. आपण सगळे असंच करतो.

आता कॅमेरा लपवायचा कुठे? गार्डाच्या डब्याच्या पाठीला लोखंडी कडीत एक चौकोनी दिवा अडकवलेला होता. पुढे तळहाताएवढी लाल काच, आत घासलेटची टाकी आणि वात. गाडीच्या शेपटीचा दिवा. त्याचं तोंड बरोबर फाटकाकडे, चिंधाच्या दाराकडे. हिलालला वाटलं, याहून चांगली जागा कुठली. त्याने आतली टाकी, वात सगळं काढलं, लाल काच काढून साधी बसवली, आणि आगपेटीएवढा कॅमेरा आत घट्ट आवळला. दिवा कडीसकट डब्याला रिव्हेटने ठोकलेला होता, जरासुद्धा हलत नव्हता. वायर डब्याखालून स्टेशनमास्तरच्या खोलीत नेली. तिथे टीव्ही आणि टेप. टीव्ही लावून पाहिला तर चिंधाचं दार, दारापुढची बाज, वरचा पिवळा बल्ब, सगळं स्वच्छ. कॅमेरा काळा-पांढरा होता, पण माणूस ओळखू येत होता.

मग तो अमेरिकेच्या कॅमेऱ्याकडे वळला आणि तिथेच अडकला. फोन लागेना. लागला तर फोटो अर्धा जाई आणि लाईन तुटे. या खटपटीत शेवटची एसटी निघून गेली. देवचंदला वाटत होतं हिलाल धुळ्याला पोचला. आणि हिलाल होता करंजबारीतच. हे लक्षात ठेवा.

चिंधाने त्याला रात्री जेवायला बोलावलं. चिंधाची बायको कलाबाई, तिने वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. बाहेर थंडी मी म्हणत होती. दोघं चुलीजवळ बसून जेवत होते आणि पाहुण्याच्या गडबडीत लावायचा राहिलेला दिवा आठवून चिंधा काडेपेटी घेऊन दारात गेला, तर तिथेच थबकला. बल्बच्या उजेडात डब्याच्या पाठीला रोज चमकणारी लाल काच दिसत नव्हती.

"दिवा कोनी काढा?"

हिलालने तोंडात घास तसाच धरून विचारलं, कुठला दिवा. चिंधाने डब्याकडे बोट दाखवलं. काळोखात डबा नुसता काळा दिसत होता. हिलाल म्हणाला, सेक्रेटरीसाहेबांनी सांगितलं, दुरुस्तीला काढलाय. ज्यांची भाकरी खात होता त्यांच्याशीच खोटं बोलला. त्याची त्याला इतकी लाज वाटली, की आजही ते सांगताना तो खाली बघतो.

चिंधा रोज संध्याकाळी तो दिवा लावायचा. रेशनच्या घासलेटातून, स्वतःच्या. कलाबाई कुरकुर करायची, देवचंद हसायचा, तरी एक दिवस चुकवला नव्हता. का, ते त्याने तेव्हा सांगितलं.

शेठची गाडी चालू होती तेव्हा या फाटकावर भिकन नावाचा गेटमन होता. गाडी येताना दांडा खाली, गाडी गेली की वर. पण गाडी गेली म्हणजे काय, तर शेपटीचा लाल दिवा डोळ्यांनी दिसला पाहिजे. दिवा दिसला म्हणजे शेवटचा डबाही गेला, गाडी पुरी झाली. दिसला नाही तर मागचे डबे कुठे तरी तुटून राहिलेत असं समजायचं आणि फाटक उघडायचं नाही. देव आला तरी नाही. रेल्वेतलं पोरसुद्धा हे शिकतं.

एका बाजाराच्या दिवशी अंधार पडता पडता कापसाची गाडी आली, गेली, आणि भिकनला दिवा दिसला नाही. फाटकापाशी शेठच्या मॅनेजरची मोटार उभी. मॅनेजरला घाई. त्याने हॉर्न वाजवला, मग हाक मारली, मग उतरून भिकनच्या थोबाडीत मारली. भिकनने दांडा वर घेतला. मोटार गेली. तिच्यामागे बाजारातून परतणारी एक बैलगाडी रुळावर चढली, आणि मागच्या चढाच्या माथ्यावर तुटून राहिलेले कापसाचे डबे उताराने मागून आले. इंजिन नाही, शिट्टी नाही, आवाज नाही. बैलगाडीत एक अख्खं घर होतं, सगळं गेलं.

चौकशीत मॅनेजर म्हणाला, मी त्या दिवशी तिथे नव्हतोच. भिकनचं कोण ऐकणार? नोकरी गेली, गावाने तोंड फिरवलं. तरी तो रोज रात्री फाटकापाशी येऊन उभा राहायचा, दिवा नसलेला हात पुढे धरून. त्याच थंडीत एका सकाळी चाकाशेजारी मेलेला सापडला. आणि म्युझियम झाल्यावर ट्रस्टने तिथे पाटी लावली, चांगली रंगवून, की गेटमनच्या निष्काळजीपणामुळे येथे अपघात घडला. देवचंद हा काही त्या मॅनेजरचा नातेवाईक नाही बरं का. पण खुर्ची तीच. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला एक गरीब मान लागतेच. मला तर हे सांगतानाही संताप येतो.

"शेपटीना दिवा दखावाशिवाय तो गेट उघाडत नही, भाऊ," चिंधा म्हणाला. "एक दाव उघाडं, ते तेनं बठ्ठं गयं. म्हनीसन मी लावस."

बठ्ठं म्हणजे सगळं. हिलाल जेवण उरकून स्टेशनमास्तरच्या खोलीत आला, आतून कडी घातली आणि टीव्हीसमोर घोंगडी पांघरून बसला. झोप येणार नव्हती. लाल काच, वात आणि टाकी समोरच टेबलावर ठेवलेली होती, तिकडे बघवेना.

टीव्हीत चिंधा बाजेवर झोपायला आला. थंडीतही बाहेरच झोपायचा, राखणदार तो. गोधडी डोक्यावरून घेतली. मग बराच वेळ काहीच नाही. एक कुत्रं आलं आणि बल्बखाली बसलं.

मध्यरात्र उलटून गेली असेल. कुत्रं एकदम उठलं. शेपूट पायात घालून चित्राबाहेर गेलं.

आणि चित्रात एक माणूस आला.

हिलालला वाटलं चिंधाच उठला. पण बाजेवर गोधडी तशीच होती, श्वासाने वरखाली होत होती. हा दुसराच. धोतर, वर जुना काळा कोट, कानांवरून मफलर. पाय उघडे. उजवा हात कमरेपाशी पुढे धरलेला, हातात काही तरी लटकतंय अशी मूठ. मुठीत काही नव्हतं.

तो बल्बखालून गेला. सावली पडली नाही.

तो कॅमेऱ्याकडे येत होता. सरळ. डब्याकडे. मध्ये मध्ये थांबायचा, मान पुढे काढून बघायचा, पुन्हा चालायचा. अंधारात लांबची वस्तू शोधताना माणूस बघतो, तसा.

हिलाल खिडकीकडे धावला. खिडकीतून गार्डाचा डबा दिसत होता, त्याची पाठही दिसत होती. तिथे कुणी नव्हतं.

तो टीव्हीकडे वळला. आता चित्रभर तोंड होतं.

तुम्ही ऐकलं असेल, की भुतं रडतात, विव्हळतात. हे तोंड रडत नव्हतं. रागावलेलं होतं. गालावर खुंट, डोळे आत गेलेले, आणि डोळ्यांत असा राग, की हिलालने कधी जिवंत माणसाच्या डोळ्यांत पाहिला नव्हता. ओठ हलत होते. कॅमेऱ्याला आवाज नव्हता. पण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतोय, एवढं कळत होतं. विचारायचा... थांबायचा... उत्तराची वाट बघायचा. पुन्हा विचारायचा.

मग चित्र हलायला लागलं.

मघाशी सांगितलं ना, दिवा रिव्हेटने ठोकलेला. तरी चित्र सरकलं. चिंधाचं दार सरकत कडेला गेलं. बाज गेली. बल्ब गेला. हळूहळू, कुणी दोन्ही हातांनी तोंड धरून फिरवावं तसं, आणि समोर आलं फाटक. तिथे थांबलं.

फाटकाचा दांडा खाली होता.

वीस-पंचवीस वर्षं वर गंजून बसलेला दांडा. आडवा. रस्त्यावर.

त्याच वेळी मालधक्क्याकडून गाडी चालू झाल्याचा आवाज आला. जीप. दिवे न लावता आली, आणि दांड्यापुढे येऊन थांबली. हिलालच्या कानावर हाक आली, खरी, टीव्हीतून नव्हे, बाहेरून.

"चिंध्या, दांडा वर घे."

देवचंदचा आवाज. सगळे चुलीपाशी जेवत होते तेव्हाच तो दिवे विझवून मालधक्क्यावर येऊन बसला होता, हे मागून कळलं.

हिलालची कडी वाजली. त्याचा जीवच गेला. पण बाहेर चिंधा होता, गोधडी पांघरलेला, गाडीच्या आवाजाने जागा होऊन रुळाच्या अंधाऱ्या बाजूने धावत आलेला. हिलालने त्याला आत घेतलं. दोघं टीव्हीसमोर उभे राहिले. हिलालला आता लपवून काही उपयोग नव्हता. त्याने सगळं सांगून टाकलं, कॅमेरा कुठे आहे, कशासाठी आहे, कुणी लावायला सांगितला. चिंधा ऐकत होता आणि टीव्हीकडे बघत होता. टीव्हीत तो माणूस चाकाजवळ उभा होता. एक हात चाकाच्या मुठीवर. पाठ जीपकडे. तोंड आपल्याकडे, डब्याकडे.

"भिकन आबा," चिंधा म्हणाला. बस, एवढंच.

बाहेर देवचंदचा आवाज चढत होता. "चिंध्या, कानात बोळे घातलेत का? माझं खाऊन मलाच अडवतोस? उघड म्हणतो ना." चिंधा आपलंच नाव ऐकत खोलीत उभा होता. देवचंदला फाटकावर जो दिसत होता तो त्याला चिंधा वाटत होता. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग जीपचं दार आपटलं.

टीव्हीत देवचंद उतरला. चाकाकडे आला. बोलत होता, हात नाचवत होता. मग त्याने उजवा हात उगारला.

त्या माणसाने तेव्हा पहिल्यांदा मान वळवली.

देवचंदचं बोलणं मध्येच तुटलं...

काही ऐकू आलं नाही. ओरडणं नाही, पळणं नाही. टीव्हीत देवचंद रस्त्यावर खाली बसला, मातीत, सफारीसकट. हात उगारलेलाच राहिला. खाली येईना. डाव्या हाताने तो उजवा हात खाली ओढत होता. येईना.

हिलाल टेबलाकडे धावला. वात उचलली, टाकी उचलली. म्हणाला, चल, दिवा परत बसवू, लावू, म्हणजे तो जाईल, दांडा वर होईल. चिंधाने त्याचं मनगट धरलं.

हिलाल सांगतो, अशी पकड, की वात टेबलावर पडली. आयुष्यभर मान खाली घालून वावरलेला माणूस. तो दात आवळून बोलला.

"नही. आते नही लावस मी. उजाडू दे. बठ्ठा गाव येवू दे, दखू दे. मंग लावसू."

"आणि तो तोवर उभा राहील?" हिलालने टीव्हीकडे बोट केलं.

चिंधाने चित्राकडे पाहिलं. त्याला भिकनचंही वाईट वाटत होतं, हे हिलालला दिसत होतं. म्हाताऱ्याला दिवा दाखवावा तर चोर निसटतो. चोर धरावा तर म्हातारा रात्रभर थंडीत. चिंधा खाली जमिनीवर बसला, टीव्हीतल्या त्या माणसाकडे तोंड करून, आणि हात जोडले.

"रातभर थांब, आबा. मनासाठे."

माझ्यासाठी म्हणून त्याने आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं. टीव्हीत तो उभा. देवचंद बसलेला. टेप फिरत होती. बाहेर वारा पडला होता. एकदा देवचंद हलक्या आवाजात काही पुटपुटला, उघड बाबा, असं काही. चाकाजवळचा माणूस हलला नाही. एकदा एका जागी उभा राहिला तो राहिलाच...

कोंबडा आरवला. टीव्हीतलं चित्र पांढुरकं झालं. त्या उजेडात तो माणूस दिसेनासा झाला, गेला असं म्हणता येणार नाही, दिसेनासा झाला. दांडा मात्र खालीच.

कापूस वेचणीचे दिवस. उजाडता उजाडता बाया ओट्या बांधून निघाल्या, कापसाच्या बैलगाड्या निघाल्या, आणि सगळ्या फाटकाशी येऊन अडकल्या. गाडी बंद पडल्यापासून गावात कुणीही तो दांडा खाली पाहिलेला नव्हता. गर्दी जमली. मध्ये मातीत देवचंदभाऊ बसलेले, हात वर, आणि जीपच्या मागे पोत्यात इंजिनाचा पितळी भोंगा आणि कोठारातली आणखी पितळी भांडीकुंडी. देवचंद सांगायला लागला, की मी हे दुरुस्तीला नेत होतो. कुणी तरी विचारलं, दिवे न लावता? अमावास्येला? बायांमध्ये कलाबाई होती. ती नुसती पुढे येऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली. देवचंदने मान खाली घातली. गावातल्या दोन माणसांनी दांडा उचलून बघितला. चार जणांनी बघितला. बैल जुंपून बघितले. हलला नाही.

मग चिंधा आला. त्याने हिलालकडून लाल काच घेतली, वात आणि टाकी घेतली. हिलालने स्वतः कॅमेरा काढला, टाकी बसवली, काच बसवली. चिंधाने काडी ओढली. दिवसाउजेडी गाडीच्या शेपटीला लाल ठिपका पेटला. लोक हसले असते, पण त्याचं तोंड बघून कुणी हसलं नाही. तो फाटकाकडे वळला आणि जोराने बोलला, गाडी पुरी आली हे लांबच्या माणसाला सांगावं तसं.

"भिकन आबा, गाडी पुरी उनी. उघाड."

सगळे डब्याकडे बघत होते. त्यामुळे दांडा वर जाताना कुणी पाहिला नाही. लोखंड करकरलं तेव्हा माना वळल्या, तोवर तो आभाळाकडे उभा होता, आधी होता तसा. आणि देवचंदचा हात धपकन मांडीवर पडला.

पुढे फौजदार आला. टेप दाखवली. टेपमध्ये जीप आहे, देवचंद आहे, पोतं आहे. चाकाजवळ कुणी नाही. देवचंद एकटाच हवेशी भांडताना दिसतो. त्याची सेक्रेटरीची खुर्ची गेली, कोर्टकचेरी झाली. चिंधाच्या मुलीचं लग्न त्याच माघात झालं. ट्रस्टच्या लोकांनी चिंधाला शाल आणि नारळ दिला, फोटो काढले. माफी कुणी मागितली नाही. चोर म्हणताना सगळे होते, आणि चूक झाली म्हणायला एकालाही जीभ नव्हती. मी त्या कार्यक्रमाला होतो. उठून निघून आलो.

हिलालने मात्र एक केलं. निघण्याआधी स्क्रू ड्रायव्हर घेतला, फाटकाजवळची ती रंगवलेली पाटी उतरवली आणि कुणाला न विचारता चिंधाच्या चुलीत घातली. नवी पाटी ट्रस्टने अजून लावलेली नाही. ते विचार करताहेत म्हणे.

पुढे रस्त्याचं काम निघालं तेव्हा एक फिटर आला होता, फाटक काढायचं की ठेवायचं ते बघायला. त्याने चाक तपासलं. तार नाही, दाते गंजून एकमेकांत बसलेले. हे फिरणं शक्यच नाही, म्हणाला. मग त्याची नजर मुठीवर गेली. चाक फिरवायची लोखंडी मूठ असते ना, ती. एका माणसाच्या हातात मावेल तेवढा भाग घासून चकचकीत झालेला, नेमाने रोज धरल्यासारखा. त्याने विचारलं, हे कोण वापरतं? लोक शेपटीच्या दिव्याकडे बघायला लागले. त्यानंतर कितीतरी पावसाळे गेले. सगळं फाटक गंजून लाल झालंय, तेवढी मूठ सोडून.